मॉनिटरची जोडणी: व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट - कुठं काय लावायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगलीत कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतोय. अलीकडे दुकानात येणाऱ्या अनेकांची तक्रार ठरलेली असते. "मशीन चालू होतंय, पण मॉनिटरवर नो सिग्नल." नाहीतर, "दिसतंय, पण अक्षरं फुटल्यासारखी वाटतात." तपासलं की मशीन ठणठणीत निघतं, मॉनिटरही. चुकलेली असते ती मधली वस्तू. नुसता पोर्टचा आकार बघून केबल हातात ठेवणारे विक्रेते बरेच आहेत, आणि त्यापायी लोक चांगले मॉनिटर भंगारात काढतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

परवाचीच गोष्ट. गावभागातल्या एका डीटीपीवाल्यांकडे (छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्यांकडे) २४ इंची जुना मॉनिटर आहे, १९२० × १२०० ठिपक्यांचा. मागे व्हीजीए आणि डीव्हीआय. नव्या मिनी पीसीला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. विकणाऱ्यानं सांगितलं, मॉनिटर बदला, नाहीतर हा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावा. त्यांनी कन्व्हर्टर लावला. लग्नपत्रिकेचा बारीक टाइप उघडला, तर प्रत्येक शिरोरेषेच्या उजव्या टोकाला फिकट सावली, 'क्ष'चं पोट भरलेलं, अनुस्वार शेजारच्या वेलांटीला चिकटलेला. दिवसभर प्रूफ बघणाऱ्या माणसाचे डोळे जातील असल्या चित्रानं. मी कन्व्हर्टर काढला आणि एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला डीव्हीआय अशी साधी केबल लावली. त्याच मॉनिटरवर अक्षरं कोरल्यासारखी दिसायला लागली.

कारण असं. व्हीजीए १९८७ मध्ये आयबीएमनं आणलं. पिना पंधरा, आणि सिग्नल अॅनालॉग. लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण विजेच्या कमीजास्त दाबानं पाठवायचं, हे काचेच्या जाड मॉनिटरसाठी ठीकच होतं. सपाट मॉनिटर मुळात आकड्यांवर चालतो. त्याला व्हीजीए जोडलं की कार्ड आकड्यांचा दाब करतं, मॉनिटर त्या दाबाचे पुन्हा आकडे करतो, आणि या उलटसुलटीत कडा हरवतात.

डीव्हीआय १९९९ मध्ये आलं आणि आकडे आकडेच राहिले. तीन रंगांच्या तारांच्या तीन जोड्या, एक जोडी घड्याळाची, म्हणजे ठोका देणाऱ्या सिग्नलची. रंगाचे ८ बिट तारेवर १० बिट होऊन जातात, म्हणजे वाटेत गडबड कमी होते. या पद्धतीचं नाव टीएमडीएस. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आलं ते हीच पद्धत घेऊन. त्यात आवाज मिळवला आणि सॉकेट १९ पिनांचं छोटं केलं. म्हणून डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्यामध्ये चिप लागत नाही, नुसत्या तारा जुळवल्या की झालं. फक्त आवाज येईलच असं धरू नका, स्पीकर वेगळा लावा.

डिस्प्लेपोर्टचं घराणं वेगळं. 'वेसा' या संस्थेनं २००६ मध्ये पहिली आवृत्ती काढली. त्यात चित्र पॅकेट करून जातं, नेटवर्कवरून माहिती जाते त्या धर्तीवर. म्हणून डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढायचं तर कार्डाला एचडीएमआयची भाषाही बोलावी लागते. बहुतेक कार्डं बोलतात, सॉकेटजवळ 'डीपी'च्या पुढे दोन अधिकचिन्हं असतात ती त्याचीच खूण. उलटं मात्र चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, आणि मध्ये साधी केबल, असं केलंत तर काहीही दिसणार नाही. तिथं वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टरच लागतो.

माझं सांगणं एवढंच: आधी दोन्ही टोकांचे पोर्ट आणि त्यांची आवृत्ती बघा, मॉनिटरचं रिझोल्युशन (आडवे × उभे ठिपके) आणि हर्ट्झ (चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं येतं) बघा, केबल त्यानंतर घ्या. प्रश्न असतील तर इथंच विचारा.

हळदबाजार

फार उपयोगी. माझ्याकडं २७ इंची जुना मॉनिटर आहे, २५६० × १४४० चा. डीव्हीआय आणि एचडीएमआय दोन्ही आहेत. एचडीएमआयवर १९२० × १०८० च्या वर जातच नाही, सगळं धूसर दिसतं. केबल बदलून बघितली. पॅनेल गेलं म्हणायचं का?

कृष्णाकाठ

पॅनेल अगदी व्यवस्थित आहे. त्या काळच्या बऱ्याच मॉनिटरांची एचडीएमआय बाजू १६५ मेगाहर्ट्झपर्यंतच घेते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा कोटी ठिपके. डीव्हीआयच्या एका लिंकची (तारांच्या एका संचाची) मर्यादाही तीच. १९२० × १०८० ला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणून ते बसतं. वरच्या उदाहरणातलं १९२० × १२०० सुद्धा १५४ मध्ये बसतं. २५६० × १४४० ला मात्र साधारण २४१.५ लागतात. म्हणून या मॉनिटरांना ड्युअल लिंक डीव्हीआय दिलेलं असायचं.

केबलचं तोंड बघा. मधल्या पिना सलग तीन रांगांत भरलेल्या असतील, एकूण २४, तर ती ड्युअल लिंक. मधोमध काही पिना गाळलेल्या असतील, म्हणजे १८ च असतील, तर सिंगल. कार्डाला ड्युअल लिंक डीव्हीआय असेल तर २४ पिनांची केबल आणा, काम झालं. नव्या मशीनला डीव्हीआयच नसेल, तर डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल लिंक डीव्हीआय असा ॲक्टिव्ह, म्हणजे पोटात चिप असलेला, कन्व्हर्टर मिळतो. त्याला बहुधा यूएसबीमधून वीज द्यावी लागते. तो साध्या कन्व्हर्टरपेक्षा बराच महाग पडतो, पण २७ इंची चांगल्या पॅनेलपुढं ती किंमत काहीच नाही.

अजिंक्यतारा_खालचा

साताऱ्याहून लिहितोय. दादा, मी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, १९२० × १०८०. सेटिंगमध्ये ६० च दिसतंय. ग्राफिक्स कार्ड नवं आहे. दुकानदार म्हणतो विंडोज परत टाका.

मंगळवार_तळं

विंडोज टाकू नकोस! आधी केबल मशीनच्या मागं कुठं लावलीयस ते बघ. वर उभ्या पट्टीत मदरबोर्डचे पोर्ट असतात, यूएसबीच्या शेजारी. खाली आडव्या खाचेत ग्राफिक्स कार्डाचे. वरच्या पोर्टात लावली असशील तर कार्ड नुसतंच बसून आहे.

अजिंक्यतारा_खालचा

कार्डालाच लावलीय. एचडीएमआयची केबल, मॉनिटरच्या खोक्यात आलेली.

कृष्णाकाठ

मग मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट जुन्या आवृत्तीचा असेल. पुष्कळ मॉनिटरांत पूर्ण वेग डिस्प्लेपोर्टवरच मिळतो, एचडीएमआयवर कमी. माहितीपुस्तिकेत प्रत्येक पोर्टपुढे कमाल हर्ट्झ वेगळे छापलेले असतात, ते पान उघडा. डिस्प्लेपोर्ट १.२ सुद्धा (२०१० चं) २५६० × १४४० ला १४४ हर्ट्झ देतं, तुमच्या १०८० ला तर सहजच. केबल बदलली तरी विंडोज आपणहून वेग वाढवेलच असं नाही. डिस्प्ले सेटिंगच्या ॲडव्हान्स्ड भागात जाऊन रिफ्रेश रेट हातानं निवडा.

डिस्प्लेपोर्ट केबलबद्दल एक सांगतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. त्याची २० वी पिन विजेची आहे, ती नेहमीच्या केबलमध्ये आरपार जोडायची नसते. काही स्वस्त केबलांत ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते, आणि मशीन बंद केलं तरी काहीतरी उजेड राहतो किंवा पुन्हा चालूच होत नाही. असं दिसलं तर पॉवर सप्लाय बदलायच्या आधी डिस्प्लेपोर्टची केबल काढून बघा.

अजिंक्यतारा_खालचा

डिस्प्लेपोर्ट लावलं, १४४ आलं. विंडोज वाचलं. आभार.

माणदेशी_मास्तर

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, व्हीजीएचा. लॅपटॉपला एचडीएमआय तेवढंच. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला. कधी चालतो, कधी पडदा निळा होतो, आणि आवाज तर येतच नाही. नवा प्रोजेक्टर मागण्याइतके पैसे शाळेकडं नाहीत. मुलांना बसवून ठेवायचं आणि पडदा निळा, फार जीवावर येतं हो.

कृष्णाकाठ

सर, तुमच्या बाबतीत कन्व्हर्टरच योग्य, दुसरा मार्ग नाही. पण तो कसा चालतो ते बघा. त्याच्या पोटात आकड्यांचा अॅनालॉग दाब करणारी चिप असते, आणि तिला वीज लॅपटॉपच्या एचडीएमआयच्या १८ व्या पिनेतून मिळते, ५ व्होल्ट. त्या पिनेनं किमान ५५ मिलिॲम्पियर द्यावं एवढंच मानकात आहे. काही लॅपटॉप त्याहून फारसं देत नाहीत. चिप तापली किंवा थोडी जास्त भूक लागली की पडदा गेला.

बाजूला यूएसबीचं छोटं सॉकेट असलेला कन्व्हर्टर घ्या आणि ती तार लॅपटॉपच्या यूएसबीत लावा. निळा पडदा बहुतेक जाईल. आवाज व्हीजीएतून जातच नाही, त्याला जागाच नाही. हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक असलेला कन्व्हर्टर मिळतो, त्यातून वर्गातल्या स्पीकरला तार टाका. नाहीतर लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधूनच स्पीकर लावा आणि आवाजाचं ठिकाण सेटिंगमध्ये बदला. रिझोल्युशनही प्रोजेक्टरचं मूळ असेल तेच ठेवा. शाळांतले बरेच जुने प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चे आहेत. त्यावर १९२० पाठवलं तर अक्षरं दाबून दाबून दाखवतो.

माणदेशी_मास्तर

१०२४ × ७६८ च आहे, पाटीवर लिहिलंय. यूएसबीवाला शोधतो. तुम्ही एवढं समजावून सांगितलंत, बरं वाटलं.

गणपतीपेठ

एक भर घालतो. डीव्हीआयच्या तोंडाला लावायचा छोटा व्हीजीए ठोकळा मिळतो ना, त्यात चिप नसते. तो फक्त डीव्हीआय-आय सॉकेटवर चालतो, म्हणजे आडव्या पात्याच्या भोवती चार पिनांची भोकं असतील तिथंच. त्या चार भोकांतून अॅनालॉग येतो. अलीकडच्या कार्डांना डीव्हीआय-डी असतं, ती चार भोकं नसतात. एका ठिकाणी ठोकळ्याच्या चार पिना पक्कडनं कापून तो डीव्हीआय-डीत बसवून दिलेला मी बघितलाय. बसला छान, चित्र कुठून येणार?

कृष्णाकाठ

बरोबर. त्या चार पिना गेल्या की अॅनालॉग रंगच गेले. आणि कापताना वाकलेली पिन कार्डाच्या सॉकेटात अडकली तर कार्डही गेलं.

विश्रामबाग_लिनक्स

मी इंजिनिअरिंगला आहे, लिनक्स वापरतो. एएमडीचं कार्ड आणि लिनक्स असेल तर डिस्प्लेपोर्टच घ्या असं माझं ठाम मत आहे. एचडीएमआय २.१ ला मुक्त ड्रायव्हरमधून (ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो अशा) आधार द्यायची एएमडीची तयारी होती, पण २०२४ च्या सुरुवातीला एचडीएमआय फोरमनं, म्हणजे हे मानक ठरवणाऱ्या संस्थेनं, परवानगी नाकारली, कारण मानकाचा मजकूर गोपनीय. डिस्प्लेपोर्टमध्ये ही आडकाठी नाही. शिवाय एचडीएमआयला कंपन्यांनी वार्षिक शुल्क आणि नगामागं रॉयल्टी भरायची. ज्या मानकाची आतली माहिती आपल्याला वाचता येत नाही, त्यावर आपण का अवलंबून राहायचं?

हळदबाजार

तत्त्व पटतं, पण टीव्हीला डिस्प्लेपोर्ट कुठं असतंय? आम्ही दुकानदार ४३ इंची टीव्हीच मॉनिटर म्हणून लावतो, परवडतं म्हणून.

विश्रामबाग_लिनक्स

हो, टीव्हीच्या बाबतीत नाइलाज आहे. मॉनिटर घेताना तरी डिस्प्लेपोर्ट बघून घ्या.

पत्रिकावाली

टीव्हीचा विषय निघालाच आहे म्हणून. मी मिरजेत पत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करते. मॉनिटर म्हणून फोर-के टीव्ही (३८४० × २१६०) लावलाय. काळी अक्षरं ठीक दिसतात, पण पिवळ्यावर लाल अक्षर घेतलं की कडा पसरतात, शिरोरेषा जाड आणि मळकट दिसते. छापून आलं की एकदम स्वच्छ! मग स्क्रीनवर कशावर विश्वास ठेवायचा? ग्राफिक्स कार्ड बदलू का?

कृष्णाकाठ

ताई, कार्ड बदलू नका. तुम्ही सांगितलेलं लक्षण इतकं नेमकं आहे की त्यातच उत्तर आहे. चित्रात प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा आणि रंग वेगळा पाठवता येतो. जागा वाचवायची तर उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवतात आणि रंग चार ठिपक्यांना मिळून एक पाठवतात. त्याला ४:२:० म्हणतात. सिनेमात ते डोळ्याला कळत नाही. पांढऱ्यावर काळं असेल तरी फरक फक्त उजेडाचा असतो, म्हणून तेही बरं दिसतं. पिवळ्यावर लाल म्हणजे उजेडाबरोबर रंगाचाही मोठा फरक, आणि रंगच आपण वाटून टाकलाय. शिरोरेषा एक-दोन ठिपके जाडीची असते, ती त्यात विरघळते.

आता का पाठवलं जातंय ते बघू. फोर-के ६० हर्ट्झला पूर्ण रंगांत पाठवायला ५९४ मेगाहर्ट्झ लागतात. एचडीएमआय १.४ (२००९ चं) ३४० पर्यंतच जातं. २०१३ च्या २.० मध्ये ते ६०० मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत गेलं आणि फोर-के ६० बसलं. तुमच्या टीव्हीचा तो पोर्ट जुना असेल, किंवा नवा असूनही टीव्हीच्या मेनूत त्याचा पूर्ण वेग बंद असेल. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयसाठी 'अल्ट्रा एचडी कलर', 'एन्हान्स्ड' अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. इनपुटचं नाव 'पीसी' ठेवा. काही टीव्ही नाव बदलल्याशिवाय पूर्ण रंग दाखवत नाहीत. मग कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडा, दोन्हींत प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण जातो. तरीही नाही जमलं तर फोर-के ३० हर्ट्झवर आरजीबी लावून बघा. माउस जरा अडखळल्यासारखा वाटेल, पण रंगाच्या कडा खऱ्या दिसतील.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर तेही तपासा. टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात, कॉम्प्युटरच्या जगात ० ते २५५. दोन्हीकडं एकच ठेवा.

पत्रिकावाली

दोन नंबरच्या एचडीएमआयला 'एन्हान्स्ड' बंद होतं. चालू केलं, नाव पीसी ठेवलं, आरजीबी केलं. 'शुभविवाह'ची शिरोरेषा एकदम सरळ कापल्यासारखी! इतके दिवस मी अक्षर उगाच दोन पॉइंट वाढवून ठेवत होते.

मिरज_एक्सरे

आमच्याकडं रेडिओलॉजीत एक्सरे, सीटी बघायचे मॉनिटर वेगळे असतात, करड्या छटांसाठी तपासून लावलेले. ८ बिटांत २५६ छटा, १० बिटांत १०२४. फुप्फुसातला फिकट डाग त्या मधल्या छटांत असतो. म्हणून आम्ही तिथं मध्ये कुठलाही स्वस्त कन्व्हर्टर लावू देत नाही, डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट थेट केबल. रिपोर्टिंगच्या मशीनला कुणी घाईत व्हीजीए लावून "चालतंय की" म्हणालं, तर मी ऐकत नाही.

कृष्णाकाठ

अगदी योग्य करता. अशा ठिकाणी तडजोड नकोच.

राजवाडा_चौपाटी

सगळं मान्य, पण केबलच्या दर्जाबद्दल कुणी बोललंच नाही. मी सोन्याचा मुलामा असलेली महाग एचडीएमआय केबल घेतली आणि रंग जास्त खुलले. स्वस्तात ते येत नाहीत.

विश्रामबाग_लिनक्स

हे पटत नाही. आकडे एकतर पोचतात, नाहीतर चुकतात. चुकले की पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो. तांबडा जास्त तांबडा होण्याची सोयच नाही त्यात.

राजवाडा_चौपाटी

मग सगळ्या केबल सारख्याच?

कृष्णाकाठ

सारख्या नाहीत, पण फरक रंगाचा नाही, वेगाचा आणि लांबीचा आहे. केबलवर '२.०', '२.१' छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. आवृत्ती उपकरणाची असते. केबलचे वर्ग वेगळे: हाय स्पीड, १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड, आणि ४८ गिगाबिटसाठी अल्ट्रा हाय स्पीड. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर मोबाइलनं तपासता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. दीड-दोन मीटरला चांगली साधी केबलही फोर-के ६० नेते. मंगल कार्यालयात प्रोजेक्टरपर्यंत १५ मीटर न्यायची असेल तर तांब्याची साधी केबल दम तोडते. तिथं ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, टोकांवर 'सोर्स' आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी ओढलीत तर सगळी परत ओढावी लागेल.

रंग खुलले म्हणता, तर केबल बदलताना पोर्ट बदलला का ते बघा. टीव्ही प्रत्येक पोर्टची रंगांची सेटिंग वेगळी ठेवतो.

राजवाडा_चौपाटी

पोर्ट बदलला होता, खरंय. जुनी केबल त्याच पोर्टात लावून बघतो.

कुपवाड_एमआयडीसी

टाइप-सीचं काय? कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपला दोन टाइप-सी आहेत. एकावर मॉनिटर दिसतो, दुसऱ्यावर नाही. आणि डॉक (एका टाइप-सीतून मॉनिटर, यूएसबी वगैरे अनेक पोर्ट काढणारा डबा) लावला की फोर-के ३० हर्ट्झवरच अडतं.

कृष्णाकाठ

टाइप-सी हे फक्त तोंडाचं नाव. आतून डिस्प्लेपोर्ट जातंय की नाही हे बनवणाऱ्यावर. २०१४ पासून ती सोय आहे, तिला 'ऑल्ट मोड' म्हणतात. पोर्टजवळ 'डी'सारखी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची (टाइप-सी तोंडाच्याच एका वेगवान जोडणीची) विजेच्या आकाराची खूण असेल तिथंच चित्र येईल. केबलही बघा. मोबाइलसोबत आलेल्या बऱ्याच टाइप-सी केबली चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरत्याच असतात.

३० हर्ट्झचं कारण: टाइप-सीत वेगवान तारांच्या चार जोड्या. चारही चित्राला दिल्या तर यूएसबी २.० वर येतं. डॉक बहुधा दोन चित्राला आणि दोन वेगवान यूएसबीला देतो. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगानं दोन जोड्यांतून ८.६४ गिगाबिट जातात, आणि फोर-के ६० ला १२ च्या वर लागतात. डॉकच्या सेटिंगमध्ये चित्राला प्राधान्य द्यायचा पर्याय असेल तर तो निवडा, किंवा मॉनिटर थेट दुसऱ्या टाइप-सीला जोडा.

आयर्विन_पूल

२०१९ च्या पुरात आमचं ऑफिस बुडालं होतं. माळ्यावर टाकलेला एक मॉनिटर वाचला, पण व्हीजीएवर सगळं गुलाबी दिसतं. डीव्हीआय पण आहे त्याला. वापरू का?

कृष्णाकाठ

गुलाबी म्हणजे हिरवा रंग पोचत नाही. व्हीजीएत प्रत्येक रंगाला स्वतःची पिन, एक गंजली की तो रंग गेला. आधी दुसरी केबल लावा. मग सॉकेट बघा, पिनांच्या भोकांत हिरवट पूड दिसेल तर दमट हवेनं गंज धरलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या. डीव्हीआय सॉकेट स्वच्छ असेल तर सरळ तेच वापरा.

आयर्विन_पूल

डीव्हीआयवर रंग बरोबर आले. पण केबल लावताना बोटाला झिणझिण्या आल्या. असं चालतं का?

कृष्णाकाठ

नाही, तसंच वापरू नका. मशीन आणि मॉनिटर दोन्हींचे स्विच बंद करून विजेचे प्लग बोर्डातून बाहेर काढा. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर पॉवर सप्लायची गळती पत्र्यावर येते आणि केबलच्या धातूच्या तोंडातून पलीकडं जाते. एचडीएमआय पोर्ट जळतात ते बऱ्याचदा असेच. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थ आणि न्यूट्रल यांच्यामधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग नीट करून घ्या. पूर येऊन गेलेल्या इमारतीत खड्ड्यातली अर्थची तार गंजून तुटलेली असू शकते, तोही खड्डा उघडून बघायला सांगा. तोवर मॉनिटर आणि मशीन एकाच तीन पिनांच्या बोर्डावर ठेवा, आणि दोन्ही बंद असल्याशिवाय केबलला हात लावू नका.

आयर्विन_पूल

उद्या सकाळीच बोलावतो. मोजल्यावर आकडा इथं टाकतो.